गवतात ठेवलेलं पाडस

तिचं नाव मी विचारलं नाही. तशी सोयच तिनं ठेवली नाही. बिरशाच्या जंगलरस्त्यालगत ती गवत कापत होती. विळा घालण्याआधी दरवेळी काठीनं गवत अलगद बाजूला करून बघायची. मी मात्र तिथं एकटं पडलेलं चितळाचं पाडस उचलून मोटरसायकलकडे निघालो. ती आडवी आली.

"ठेव खाली, भाऊ."

"आई नाही त्याला. मरेल."

"हिवाळ्यात कळप इकडं उतरते, माद्या इथंच वितात. माय लेकरू लपवून चरायले जाते. तू हटशीन तवाच येईन माय."

मी पाडस जागेवर ठेवलं. भोवतीचं गवत तिनं तसंच राखलं आणि मला रस्त्यापर्यंत हाकललं. मी वळून पाहिलं, तर विळा उगारून ओरडली,

"मीबी माही लेक घरी ठेवून आली. तिलेबी उचलून नेशीन का?"