यस्टर्डे सर

"पोरीला हितं घातलीय खरी तिच्या आयनं, पण तो मास्तर दारातच काल काय केलं ते विचारतो. त्याशिवाय आत बसायला देत न्हाय म्हणं."

"व्हय? मग आमच्या घरच्यालाच घालते की हितं!"

गावकीच्या हॉलच्या पायरीवर बसलेल्या दोघी खळखळून हसल्या आणि त्यांच्यामधून वाट काढत मी आत इंग्रजीच्या वर्गाला गेले. घातलेली पोरगी मीच. बारावीपर्यंत इंग्रजी माध्यमात शिकले, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की मी कोणाच्या तरी पाठीमागे सरकायचे. उरणच्या एका शिपिंग ऑफिसातल्या मुलाखतीत मी नाव सांगून गप्प बसले, तेव्हा आईने मला सरांसमोर नेऊन उभं केलं. "इंग्लिश येतं हिला, बोलणं येत नाही," ती म्हणाली. सर म्हणाले, "इथे सगळं उलटं आहे. बाकीच्यांना बोलणं येतं, इंग्लिश येत नाही. बसू द्या मधोमध."

सरांचं खरं नाव गावात क्वचित कोणी घेतलं असेल. दारात उभं राहून ते प्रत्येकाला विचारत, "येस, यस्टर्डे?" म्हणून ते यस्टर्डे सर. तरुणपणी मस्कतला कुठल्याशा गोदामात ते स्टोअरकीपर होते. तिथल्या गोऱ्या साहेबाच्या बोलण्यावरून त्यांनी एक सिद्धांत काढला होता. साहेब कधीच साधं 'गेलो', 'खाल्लं' म्हणत नाही. तो आधी भूतकाळात काहीतरी ठरवतो, टाळतो किंवा विसरतो. मग त्या क्रियापदाला एक क्रियाविशेषण चिकटवतो. आणि खरं काम पुढे 'टू' लावून ढकलून देतो. 'आय फायनली डिसायडेड टू गो.' सरांच्या मते साहेबाचं अख्खं साम्राज्य या एका वाक्यावर चाललं होतं.

वर्गात निम्मी मुलं ट्रेलरवर आणि कंटेनर यार्डात कामाला, त्यामुळे व्याकरणही त्याच रस्त्याने यायचं. "भूतकाळाचं क्रियापद म्हणजे पुढचं इंजिन. 'टू' म्हणजे दोन्हींना जोडणारा मधला आकडा. मागे कंटेनर. एका गाडीला दोन इंजिनं लावतात का रे? मग 'डिसायडेड टू वेन्ट' कुठून आणलंस?" आणि क्रियाविशेषण? "तो क्लीनर. इंजिनाच्या पुढे बसेल, कधी मागच्या टोकाला लटकेल. पण आकडा आणि कंटेनर यांच्यामध्ये चढला तर चिरडेल." इंग्रजी शाळेत हाच नियम मला तक्त्यांसह शिकवला होता. तिथे कोणी चिरडलेलं मात्र कधी दिसलं नव्हतं.

या साच्यामुळे वर्गाचं आयुष्यच बदललं. कोणी काही करेनासं झालं. सगळे नुसते ठरवू लागले, जवळजवळ जमवू लागले, सपशेल विसरू लागले. ट्रेलर चालवणारा दिगंबर एकदा ऐटीत म्हणाला, "यस्टर्डे आय सडनली रिमेम्बर्ड टू ब्रेक." व्याकरण बिनचूक होतं. सरांनी हळूच विचारलं, "पुढे कोणाची गाडी होती?"

मनीषाताई दिवसभर मच्छी विकून वर्गाला यायच्या. "आय पोलाइटली रिफ्यूज्ड टू टॉक टू माय सासू," त्या म्हणाल्या आणि टाळ्या पडल्या.

"पोलाइटली?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "खरं सांगा, ताई."

"आता सर, क्लीनरशिवाय गाडी सोडत न्हाय तुमी, मग कुनाला तरी बसवायला नको?"

मी रोज एकच वाक्य म्हणायचे, तेही जमिनीकडे बघत. "आय क्वाएटली ट्राइड टू रीड." सर रागावत नसत. "मॅडम, तुमचं इंग्लिश माझ्यापेक्षा चांगलं आहे. पण ते पाहुण्यांच्या कपबशांसारखं कपाटात ठेवलंय. चहा कोण पिणार त्यात?" त्यांचं स्वतःचं इंग्रजी मात्र रोजच्या वापरातलं होतं, कान तुटलेलं. 'एन्जॉइड टू ईट', 'सजेस्टेड टू कम' असं ते बिनदिक्कत म्हणायचे. कुठलंही क्रियापद आलं की त्याला आकडा लावायचाच. मी ते मनातल्या मनात 'ईटिंग', 'कमिंग' असं दुरुस्त करायचे आणि गप्प राहायचे.

मग नवी मुंबईहून एक अकॅडमी आली. हेडफोन लावलेल्या गोऱ्या बाईचं चित्र असलेली पत्रकं घरोघर वाटली गेली. त्यांना वर्गासाठी आमचाच हॉल हवा होता. सरांना दुसरी जागा परवडणारी नव्हती, पेन्शन नव्हती आणि वर्गावरच त्यांचं घर चालत होतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. पण हॉल गावकीचा, तेव्हा निवाडा गावकीच करणार.

गावकीच्या बैठकीत भांडण बांधाचं असो की नवरा-बायकोचं, साक्षीदार लागतोच. इंग्रजीचंही तसंच झालं. अकॅडमीच्या टायवाल्या मुलाने उठून सांगितलं की हे सर मुलांना चुकीचं शिकवतात, असं आज जगात कोणी बोलत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण तो मराठीतसुद्धा इंग्रजी बोलत होता.

गावकीचे अध्यक्ष नाना म्हणाले, "आमाला त्यातलं काय कलत न्हाय. मास्तरचं इंग्लिश खरं हाय का खोटं, ते ज्याला कलतं त्यानं उठून सांगावं. हितं देवीच्या फोटोसमोर बसलोय, तवा खरंच सांगावं."

"ती बघा की, दाराशी. इंग्लिश शाळेतली हाय ती," कोणीतरी म्हणालं.

सगळा हॉल वळला. बायकांच्या घोळक्यात मी अंग चोरून बसले होते. आईने कोपराने ढोसलं. टायवाला माझ्याकडे बघून हसला. मी त्याच्याच बाजूची, असं त्याने धरून चाललं होतं. सर चष्मा पुसत राहिले. त्यांनी मान वर केली नाही, नजरेने गळ घातली नाही. मी काय काय मनात दुरुस्त करते हे त्यांना बहुतेक पहिल्या दिवसापासून कळत होतं.

मी उठले. खोटं बोलायचं नव्हतं, आणि सत्य टायवाल्याच्या बाजूने होतं.

"बोल, पोरी," नाना म्हणाले. "सगल्यांना ऐकू यील असं बोल."

"नाना, सरांचं इंग्लिश चुकतं. बऱ्याच ठिकाणी चुकतं," मी म्हणाले. हॉलमध्ये कुजबुज झाली, म्हणून मी आवाज चढवला. "पण इथे मनीषाताई बोलतात, दिगंबरदादा बोलतो, सगळे बोलतात. मी बारा वर्षं ज्या शाळेत बसले तिथे कोणाचंच काही चुकत नव्हतं, कारण तोंडच कोणी उघडत नव्हतं. हॉल सरांनाच द्या. चुका मी दुरुस्त करीन, रोज, तिथेच उभी राहून, मोठ्याने."