तीन दशांशांचा फरक

चाचा ओळखीची गोष्ट मोजल्याशिवाय अनोळखी गोष्टीला हात लावत नसत. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासण्याआधी ते उपकरणात साधं पाणी घालून शून्य येतं का, ते बघत. निवृत्तीनंतर देवळाली प्रवराच्या घरी गच्चीवर दुर्बीण आली, पण सवय तीच राहिली.

दूरच्या दीर्घिकेत एखादा तारा फुटला, की काही आठवडे तिथे नवा ठिपका दिसतो. चाचा त्याला 'पाहुणा' म्हणत. त्याचं तेज नुसतं बघून सांगता येत नाही. नकाशात आकडे दिलेल्या आजूबाजूच्या ताऱ्यांशी ताडून ठरवावं लागतं. आकडा जितका मोठा, तितका तारा मंद. चाचा आधी ते नकाशातले तारेच एकमेकांशी ताडून बघत आणि क्रम जुळला तरच पाहुण्याकडे वळत. "साक्षीदार खरं बोलत्यात का, ते आधी बघ," असं मला सांगत. चाची जिन्यातून ओरडत, "आभाळातला दिवा दशांशात कळतो, न्हाणीतला बल्ब गेलाय ते आठ दिवस कळंना!"

मी शेजारी, म्हणून मलाही त्यांनी शिकवलं. नियम एकच. दोघांनी वेगवेगळं बघायचं, न बोलता चिठ्ठी लिहायची आणि सकाळी चहाला दोन्ही उघडायच्या. फरक सहसा एक दशांशाच्या वर जात नसे. दोघांचेही आकडे ते निरीक्षकांच्या संघटनेला कळवत.

शेवटच्या पाहुण्याच्या वेळी पहिल्या दोन्ही सकाळी फरक तीन दशांश निघाला. त्यांचा आकडा मोठा होता. चाचांनी चहा तसाच ठेवला. "डोळा गेला माझा. दुर्बीण देऊन टाकू कुनाला तरी."

तिसऱ्या रात्री मला पाहुण्याचा आकडा बारा आला. मी बारा पूर्णांक तीन दशांश लिहिलं. सकाळी चिठ्ठ्या जुळल्या. "हाय अजून!" म्हणत त्यांनी माझ्या पाठीत थाप मारली. ती रात्र धरून अकरा रात्री मी तेच केलं.

पुढे त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पिवळ्या पडलेल्या भिंगातून निळसर उजेड मंद दिसतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. आमचा पाहुणा निळसरच होता. चाचांनी घरी येऊन मोबाईलवर जगभरच्या निरीक्षकांचा आलेख उघडला. त्यात मंद तेज खाली दाखवतात; तिसऱ्या रात्रीपासून आमची दोघांची टिंबं सगळ्यांच्या खाली, एकमेकांना चिकटून होती.

"माझ्या डोळ्यात मोतीबिंदू हुता. तुझ्या काय हुतं?"

मी सांगून टाकलं. त्यांनी मोबाईल बाजूला ठेवला.

"येड्या, तू खरं लिहिलं असतंस तर तेवढा फरक वजा करून माझे आकडे कामाला आले असते."

"चाचा, मी तीन दशांशच वाढवत होतो. वजा करून देतो."

"आता सांगितलेला आकडा धरायचा न्हाई. तवा लिहिलेलाच धरायचा."

त्यांनी संघटनेला पत्र लिहून अकराही रात्रींचे आकडे काढून टाकायला सांगितले, माझे आणि स्वतःचेही. कारण लिहिताना 'आमच्या हातून' असं लिहिलं. मला चहा दिला. त्या विषयावर पुन्हा बोलले नाहीत. नव्या डोळ्याने ते दुर्बिणीला बसायच्या आधीच आभाळ भरून आलं, आणि त्याच पावसाळ्यात चाचा गेले.

तो आलेख मी अजून उघडतो. त्यात आमची दोनच रात्रींची टिंबं उरली आहेत. डोळा गेला म्हणून चाचांनी चहा तसाच ठेवला होता, त्या दोन रात्रींची.