मागच्या सीटवरची मामी

आमचे मामा वजनमाप खात्यात निरीक्षक होते. उभी हयात त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले आणि घरी येऊन माणसं तपासली. निवृत्त झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आता बेटाला गाडीनं फेरी मारायची. अगदी निवांत!" हा शब्द ते असा उच्चारायचे, की ऐकणाऱ्यानं घाईघाईनं पिशव्या भरायला घ्याव्यात.

बेट देखणं होतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधून गोल फिरणारा एकच रस्ता आणि वळणावळणावर पडके बुरूज. मामीला समुद्र बघायचा होता. पण पुढच्या सीटवर मामांची दुर्बीण आणि इतिहासाचे जाडजूड ग्रंथ ऐसपैस बसले होते. मामी मागे, पिशव्यांच्या शेजारी.

"ही बघ तटबंदी!" मामा ओरडायचे. मामीनं मान वळवेपर्यंत तटबंदी मागे पडलेली असायची. प्रत्येक किल्ल्यावर ते तिथली पाटी मोठ्यांदा वाचत आणि तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत.

दीपगृहापाशी मामी पाय मोकळे करायला उतरली. मामांनी तिथल्या रखवालदाराशी बुरुजाच्या उंचीवरून वाद घातला, स्वतःच स्वतःला विजयी ठरवलं आणि त्या खुशीत गाडी घेऊन निघून गेले. वाटेत मागच्या सीटला ते आरमाराचा इतिहास सांगत होते. मागून हूं की चूं नाही. पण ते लग्नापासूनच नव्हतं, त्यामुळे मामांना काहीच वावगं वाटलं नाही.

चहाची तल्लफ आली तेव्हा उलगडा झाला. "थर्मास दे गं." कोणी देईना. मामांनी वळून पाहिलं. पिशव्या होत्या, मामीचा फोनही होता. मामी नव्हती.

दुसरा कोणी असता तर धावतपळत मागे गेला असता. मामा म्हणाले, "रस्ता गोल आहे. पुढे गेलं तरी तिथंच पोचतो." गाडी वळवणं म्हणजे भर रस्त्यात चूक कबूल करणं, आणि ते त्यांच्या रक्तात नव्हतं.

इकडे मामी वाट पाहून कंटाळली. तेवढ्यात, मामा गेले त्याच्या उलट दिशेनं निघालेली, बंदरांवर बर्फ पोचवणारी एक ट्रकवाली बाई थांबली.

"ताई, कुठं सोडू?"

"पुढं बसायला मिळेल?"

"मग काय टपावर बसवणार?"

मामी चढली. दर बंदरावर बर्फ उतरेपर्यंत ती पाण्यात पाय सोडून बसायची.

घाटात ट्रक आणि गाडी समोरासमोर आले. मामांनी हॉर्न वाजवून डोंगर डोक्यावर घेतला.

"उतर खाली! किती शोधलं तुला!"

"शोधलंत? मग मला सोडलंत त्याच्या उलट्या बाजूनं कसे येताय?"

ट्रकवाली फस्सकन हसली. मामा नकाशाची घडी घालू लागले.

"आमची थोडी बंदरं राहिलीत," मामी म्हणाली. "बघून येते. चहा पिऊन घ्या, निवतोय."

संध्याकाळी ती लॉजवर आली, उन्हानं नाक लाल झालेलं, अंगाला मासळीचा वास. मामांनी वास तेवढा हेरला.

घरी परतल्यावर मामा सगळ्या नातेवाइकांना सांगत सुटले, "ही हरवली होती. मी अख्खं बेट पालथं घातलं." मामीनं त्यांना एकदाही खोडून काढलं नाही. उन्हाळ्यात मात्र ती पिशवी भरून ट्रकवालीकडे राहायला गेली, विचारलंसुद्धा नाही.

"मीच पाठवलं तिला," मामांनी आम्हाला सांगितलं.