फेटिडा

आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळचा जंगली बदाम फुलला, की पोटात ढवळेल असा वास सुटतो. म्हणूनच त्याचं नाव स्टर्क्युलिया फेटिडा. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, तीही वनस्पतिशास्त्राची, त्यामुळे सांगणारच. फेटिडा हे लॅटिन विशेषण ‘घाण वास येणे’ या क्रियापदावरून आलं. स्टर्क्युलिया स्त्रीलिंगी, म्हणून विशेषणही स्त्रीलिंगी. आपण घाणेरडं झाड पण घाणेरडी वेल म्हणतो, तसंच.

आज खोडाला भोक दिसलं, मातीने लिंपलेलं. कोरलं तर आत हिंग. हिंग भरला की झाड मरतं, असं इथे सगळेच मानतात.

“कुणी का भरेना, ताई,” सेक्रेटरी देसाई नाकाला रुमाल लावून म्हणाले. “हा वास सहन होतो का?”

“हिंगाच्या लॅटिन नावातही फेटिडाच आहे.”

“असेल. फोडणीत छान लागतो.” आणि ते हसले.

मला शिसारी आली, ती फुलांची नव्हती. या विशेषणाचं पुल्लिंगी रूप फेटिडस, तेही मला पाठ आहे.

मी बोटाने हिंग कोरून काढत राहिले. वर फुलं लगडली होती. त्यांना अजून काही कळलेलं नव्हतं.