घरी जुनं, हापिसात नवं

मंचरला आमच्या डेअरीच्या ऑफिसात कॉम्प्युटर बघायला एक सीडीवाला यायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. सीडी शर्टाला पुसायची, कपाळाला लावायची आणि मगच आत सरकवायची, ही त्याची रीत.

महाळुंग्याला माझ्या घरी त्यानं डेटाबेसचं सगळ्यात नवं व्हर्जन टाकून दिलं होतं. ऑफिसात, साहेबांच्या नि माझ्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर, होतं जुनं. घरी केलेली फाईल ऑफिसात उघडायचीच नाही, म्हणून सगळं काम तिथंच बसून उरकावं लागे आणि शेवटची एसटी निघून जाई.

"घरी जुनंच टाक बाबा," मी त्याच्या मागे लागलो.

"जुनं टाकायला मी काय भंगारवाला हाय का, भाऊ?" तो चांगलाच दुखावला. पण शेवटी कबूल झाला आणि एका दुपारी माझ्या घरी जाऊन टाकूनही आला. मी खुशीत ऑफिसातली फाईल फ्लॉपीवर घेऊन घरी गेलो. ती उघडेना.

सकाळी त्याला गाठलं.

"सायेब म्हनले, हापिसात भाऊंच्या घरासारखं नवं टाक. तुमी म्हनला, घरी हापिसासारखं जुनं टाक. मी दोगांचंबी ऐकलं."

"अरे, मग एका शब्दानं सांगायचं तरी."

"तुमी दोगं एकाच खोलीत बसताय. म्हनलं, बोलला असाल."

त्या संध्याकाळी पुन्हा एसटी चुकली. त्यानंच मला मोटरसायकलवर घरी सोडलं. वाटभर त्याची पाठ हसण्यानं हलत होती.