उंदराच्या आधी कोंबडी

आमच्या विभागात केसाहून बारीक दोऱ्याने रक्तवाहिन्या शिवायला शिकवतात. जिल्ह्यात या कामाला तोटा नाही. कडबाकुट्टीच्या यंत्रात तुटलेली बोटं पिशवीत घालून लोक कर्जतहून, राहुरीहून येतात. पण माणसाच्या बोटाआधी उंदीर असतो. त्याला भूल देतात, मांडी उघडतात, रक्तवाहिनी कापतात आणि शिकणारा ती शिवतो. काम झालं की उंदराला शुद्धीवर येऊ देत नाहीत. माझ्या एका सीनिअरचा पहिला उंदीर पहिल्या टाक्याआधीच गेला. "पहिल्याचं असंच होतं," तो म्हणाला आणि चहाला गेला.

माझ्या वाट्याला सहा उंदीर होते.

मी मीटिंगमध्ये बोलत नाही. त्या दिवशी उंदरांची मागणी जाणार होती, म्हणून बोलले. सुरुवात कोंबडीच्या तंगडीवर करू या, त्यातली रक्तवाहिनी साधारण उंदराच्या वाहिनीएवढीच असते, हात बसल्यावर उंदीर घेऊ. हे मी घरून पाठ करून आले होते, तरी मधेच इंग्रजीत गेले.

विभागप्रमुख सरांनी चष्मा काढला. "व्हेजिटेरियन आहेस का गं?"

"नाही सर."

"मग प्रॉब्लेम काय आहे?"

मी पाठ केलेलंच पुन्हा सांगितलं.

"तंगडीत रक्त वाहत नाही," सर म्हणाले. "टाका गळतोय हे कळणार कसं?"

"निळं पाणी सोडून बघता येतं, सर."

सरांनी चष्मा परत घातला. मग म्हणाले, मागणी सोमवारपर्यंत थांबवतो. सोमवारी माझ्यासमोर शिव. गळलं, तर उंदीर नेहमीप्रमाणे येतील आणि हा विषय परत काढायचा नाही.

आमच्याकडे रविवारी चर्चहून आल्यावर चिकन असतंच, त्यामुळे घरात कोंबडी आणायला अडचण नव्हती. ती न शिजवण्याची अडचण होती. "टिफिनमधून कच्चं चिकन नेणारी तू पहिलीच," मम्मी म्हणाली. संध्याकाळी तिने विचारलं, "परत का नाही आणलंस?"

"त्यात नायलॉनचे टाके आहेत, मम्मी."

"मग काय झालं? मासा काटे काढून खातोच की आपण."

खरी पंचाईत दुकानात झाली. मी दोन तंगड्या मागितल्या. दुकानदाराने त्या फळीवर ठेवल्या आणि मी तोंड उघडायच्या आत प्रत्येकीला तीन खोल चिरा मारल्या. मसाला आत मुरावा म्हणून सगळ्यांना तशाच लागतात. रक्तवाहिनी तीन ठिकाणी कापली गेली. मी थँक्यू म्हणून पैसे दिले आणि घरी आले. त्या रात्री आम्ही तंदुरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी चिरा नको म्हणाले. त्याने सुरी ठेवली आणि सत्तूर घेऊन मधोमध दोन तुकडे केले. तिसऱ्या दिवशी मात्र सांगावंच लागलं.

"ऑपरेशन शिकायला हवीये. अख्खी द्या, अजिबात कापू नका."

"कोंबडीचं ऑपरेशन?"

माझ्या मागे उभे असलेले एक काका म्हणाले, "आता व्हय? लई उशीर केला म्याडम तुमी. मगाशी जित्ती हुती ना ती."

सगळं दुकान हसलं. जाळीतल्या कोंबड्या तेवढ्या गप्प होत्या. तिथून पुढे मी दिसले की दुकानदार आत ओरडायचा, "डॉक्टर म्याडमची तंगडी, कट न मारता!" आणि रांगेतले सगळे वळून बघायचे. पण तंगडी अख्खी मिळायची.

सोमवारी सर स्क्रीनसमोर बसले. मी मायक्रोस्कोपखाली रक्तवाहिनी कापली, शिवली, तिला दाबून धरलेला क्लॅम्प काढला आणि सिरिंजमधून निळं पाणी सोडलं. वाहिनी फुगली, निळी झाली. मग मागच्या बाजूने एक थेंब आला आणि मोठा होत गेला.

"गळतंय," सर म्हणाले.

मी सिरिंज खाली ठेवली.

"तसं रक्त असतं तर एवढंसं थांबलं असतं. गोठलं असतं. पाणी कुठलं गोठतंय." माझी समजूत काढायला ते हे बोलले असावेत. बोलून झाल्यावर त्यांनी तो थेंब परत पाहिला. मग जरा नाराजीनेच म्हणाले, "म्हणजे ही परीक्षा उंदरापेक्षा कडक झाली की. घाल अजून एक टाका."

मी घातला. या वेळी सिरिंज त्यांनी स्वतः दाबली, माझ्यापेक्षा जोरात. टाक्यांवर काहीच आलं नाही.

त्यांनी प्रयोगाचे प्राणी ठेवतात त्या ॲनिमल हाऊसला फोन लावला. "सहा नको, एकच पाठवा. हो, एक. बाकीच्यांचेही थांबवा, आधी कोंबडीवर पास होऊ देत." फोन ठेवून माझ्याकडे वळले. "तो एक तुला करावा लागेल. जिवंत वाहिनी आकसते. कोंबडी ते शिकवत नाही."

मला एकही नको होता. पण ते म्हणत होते ते खरं होतं. मी "हो सर" म्हणाले.

उंदीर गुरुवारी आला. पांढरा होता. भूल चढल्यावर मी मांडी उघडली. वाहिनी खरोखरच आकसली. ती सैल पडेपर्यंत थांबावं लागलं. टाके बसले. क्लॅम्प काढल्यावर रक्त पलीकडे गेलं, बाहेर आलं नाही.

"बरं," सर म्हणाले आणि ओपीडीला गेले.

ॲनिमल हाऊसच्या शिपाईमामांनी शेवटचं इंजेक्शन भरलं. "जा तुमी म्याडम, मी करतो," ते म्हणाले. जायला हरकत नव्हती, सगळे जातात. मी स्टूल पुढे ओढलं आणि उंदराचा श्वास थांबेपर्यंत तिथे बसले.