सोळा हातांची बाग

महिपतीची तिरडी बांधायला अख्ख्या लोणावळ्यात सुंभ मिळाला नाही. त्या आश्विनात तापाच्या साथीनं बाजारच बंद पाडला होता. शेवटी त्याच्या बायकोनं, धोंडाबाईनं, खोलीतून बागेचा दोर आणला. सोळा हात लांब, हाता-हातावर गाठ मारलेला.

खांदेकरी थबकले. “वैनी, ह्यो तर बाग आखायचा दोर!”

“मंग दुसरा कुटं हाय? बांधा.”

दोर महिपतीबरोबर जळाला.

महिपती खंडाळ्याच्या ज्या बंगल्यात माळी होता, तिथं साहेबानं आपल्या विलायतेतल्या घरासारखी बाग करवून घेतली होती. मेंदीचं बुटकं गोल कुंपण आणि आत लाल-पिवळ्या पानांच्या रोपांच्या आठ पाकळ्या, गालिचा अंथरावा तशा. घाटावरचा पाऊस दरसाल ती रोपं कुजवून टाकायचा, मेंदी तेवढी राहायची. मग दसरा झाला की नक्षी नव्यानं आखायची. धोंडाबाई मधोमध खुंटी धरून बसायची आणि महिपती दोर ताणून भोवती फिरायचा. कितव्या गाठीला लाल, कितव्या गाठीला पिवळं, हे अकरा वर्षांत तिला पाठ झालं होतं. कागदावर काहीच नव्हतं.

तेरावा झाल्यावर बंगल्याचे कारभारी केशवराव आले.

“धोंडाबाई, नाताळाला साहेब येणार. पुण्याहून माळी आणायचं चाललंय. माळ्याची खोली रिकामी करावी लागेल.”

“बाग मी मांडते, कारभारी.”

“तुम्ही? खुंटी धरणं वेगळं, बाई.”

“साहेबास्नी आवडली तर खोली ऱ्हाऊ द्या. न्हाई आवडली तर माजी मी जाते.”

“बघा करून. मी शब्द देत नाही.”

जायला जागा एकच होती, बेगडेवाडीच्या भावाचं घर. भावजयीनं दहाव्यालाच, कुणी विचारलं नसताना, घरात खाणारी सात तोंडं असल्याचं सांगून ठेवलं होतं.

बाजार उघडला तशी तिनं नवा सुंभ आणला. कोपरापासून बोटापर्यंत मोजून सोळा गाठी मारल्या. शेजारच्या रतनबाईला खुंटीवर बसवलं आणि दोर ताणत स्वतः फिरली. चार दिवस वाकून रोपं लावली. पाचव्या दिवशी शेवटची ओळ आली, तर पाकळ्यांची टोकं मेंदीला पोचेचनात. सगळीकडून हातभर उघडी माती.

रतनबाईला हसू फुटलं. “अगं, ह्यो तर पोरीचा परकर आईला नेसवला!”

धोंडाबाई हसली नाही. तिनं गाठी पुन्हा मोजल्या. सोळाच होत्या. मग तिची नजर स्वतःच्या हातावर गेली. जुना दोर महिपतीच्या हातानं मोजलेला होता, आणि तो हात आता कुठून आणायचा?

दुपारभर ती खुंटीपाशी बसून राहिली. मेंदी मात्र जागेवर होती, त्यानंच सोळाव्या गाठीवर लावलेली. तिनं उरलेला बिनगाठीचा सुंभ खुंटीपासून मेंदीपर्यंत ताणला आणि तोडला. अर्धा दुमडला. पुन्हा अर्धा. चौथ्या घडीला एक हात उरला. तो तिनं आपल्या कोपराला लावून पाहिला. तिच्या बोटांच्या पुढं तो दोन बोटं गेला. महिनाभरात डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती बाई तिथंच मातीत बसून रडली.

“आता काय झालं गं?” रतनबाईनं विचारलं.

“काय न्हाई. उपट समदी रोपं. ह्या हातानं पुन्यांदा मांडू.”

नाताळात साहेबानं वरच्या व्हरांड्यातून बाग पाहिली. धोंडाबाई मागच्या दाराशी उभी होती. बऱ्याच वेळानं केशवराव खाली आले.

“साहेब खूश आहेत. म्हणाले, महिपती आखून गेला म्हणून बरं झालं.”

“तुमी सांगितलं न्हाई?”

“सांगितलं. हसले.” केशवराव दुसरीकडं बघू लागले. “पुण्याच्या माळ्याला पत्र कधीच गेलंय, बाई. सोमवारी येतोय.”

सोमवारी हौशीराम माळी आला तेव्हा तिचं गाठोडं बांधून झालं होतं. पोरसवदा, मवाळ माणूस. बागेला फेरी मारून तो तिच्यापाशी आला.

“मावशी, पावसानं गेल्यावर ही परत मांडायची कशी?”

त्याचा काही दोष नव्हता, तिला कळत होतं. तरी तिनं गाठोडं डोक्यावर घेतलं.

“मला न्हाई ठावं,” म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.